लहान मुलीसोबत घरी नाताळ साधेपणाने कसा साजरा करावा?

आपली मुलगी साडेतीन वर्षांची आहे, आणि दुकानांतला झगमगाट व भेटवस्तूंचा ढीग टाळून घरी नाताळ कसा करावा, असे आपण विचारले आहे. मी वसईच्या कॅथलिक घरात वाढले आणि आता माझ्या लहान मुलासोबत हा सण करते. माझे मत असे आहे की काय काय टाळायचे याची यादी करत बसण्यापेक्षा गोठा, म्हणजे बाळयेशूच्या जन्माचा देखावा, तेवढा सणाच्या मध्यभागी ठेवावा आणि बाकीचे सारे त्याच्याभोवती, सवडीने येऊ द्यावे.

असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी खरा बैल, खरे गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण मांडली, ती बाळयेशू किती गरिबीत जन्मला हे लोकांना डोळ्यांनी पाहता यावे म्हणून. म्हणजे गोठा मुळात साधाच आहे. बाजारातील तयार गोठा आणण्याऐवजी खोक्याचा पुठ्ठा, वाळलेला पेंढा आणि शाडूची माती घ्यावी. मेंढ्या मुलीला स्वतः करू द्याव्यात आणि त्या ओळखू आल्या नाहीत तरी तशाच मांडाव्यात. आमच्याकडे आणि गोव्यातही गोठ्यातील हिरवळीसाठी नाचणी पेरतात. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी नाचणी रात्रभर भिजवून पसरट ताटातील मातीवर पेरावी आणि रोज थोडे पाणी शिंपडण्याचे काम मुलीकडे द्यावे. नवरात्रातील घटाप्रमाणे ते कोंब रोज वाढताना दिसतात, त्यामुळे ‘नाताळ कधी येणार?’ या तिच्या प्रश्नाला तारखेपेक्षा चांगले उत्तर मिळते.

गव्हाण मात्र २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी आणि बाळाची मूर्ती त्या रात्री मुलीच्याच हातांनी तिथे ठेवावी. एवढ्या लहान मुलाला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळपूर्वीच्या वाट पाहण्याच्या आठवड्यांचा, अर्थ समजावून सांगता येत नाही, पण रिकामी गव्हाण रोज पाहून वाट पाहणे म्हणजे काय हे त्याला बरोबर कळते, असे मला मनापासून वाटते. चर्चला जात असाल, तर मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी (चर्चमधील सामूहिक उपासनेसाठी) तिला झोपेतून उठवू नका. अनेक ठिकाणी त्या दिवशी संध्याकाळीही मिस्सा असते, किंवा २५ तारखेची सकाळची मिस्सा आहेच.

फराळात एखादाच पदार्थ घरी करावा, आणि तो कुलकुल असावा. मैदा, नारळाचे दूध आणि साखर यांच्या पिठाची लहान गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळणे तिला सहज जमेल. तळताना मात्र तिला चुलीपासून दूर ठेवावे. शेजाऱ्यांकडे ताट पोहोचवायला तिला सोबत न्यावे, कारण आपण केलेले दुसऱ्याला द्यायचे असते हे मुले अशाच फेऱ्यांत शिकतात.

भेटवस्तूंबद्दल आपली काळजी रास्त आहे. आई-वडिलांकडून एकच भेट द्यावी. आजी-आजोबा, मामा-मावशी यांना मनाई केल्यास ते दुखावतील, म्हणून त्यांच्या भेटी एका दिवशी न उघडता ६ जानेवारीपर्यंत अधूनमधून उघडाव्यात. ६ जानेवारी हा बाळयेशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण. त्यांच्या मूर्ती २५ डिसेंबरला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवाव्यात आणि मुलीला त्या रोज थोड्या पुढे सरकवू द्याव्यात. सोने, ऊद आणि गंधरस घेऊन ते गोठ्यापाशी पोहोचले की भेट कोणासाठी आणि का आणतात, हे तिला त्या गोष्टीतूनच सांगता येईल; गोठा आवरायचा तो त्यानंतर.