'जिप्सी सर्व्हायव्हर' मराठीत कसं लिहावं?

प्रश्न असा: आउश्वित्झवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'जिप्सी सर्व्हायव्हर'ला काय म्हणावं, आणि नाझींनी केलेल्या या समाजाच्या संहाराला त्यांच्या रोमानी भाषेत स्वतःचा शब्द आहे का?

आधी 'जिप्सी' काढा. मराठी कवितेनं त्याला मनस्वी भटक्याचा रंग दिला, म्हणून तो आपल्याला गोड वाटतो. जर्मन 'त्सिगॉयनर' मात्र शिवीच्या अंगानं जातो. आउश्वित्झच्या बिर्केनाउ छावणीत या समाजाच्या कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदत, त्याआधीचं 'झेड' त्याच शब्दाचं. 'रोमा आणि सिंती' लिहा, ही या समाजातल्या गटांची स्वतःची नावं. फक्त षष्ठी जपून लावा. 'रोमांचा संहार' वाचताना भलताच रोमांच उभा राहतो. 'रोमा लोकांचा' बरं.

संहाराला तीन शब्द सापडतात. 'पोराय्मोस', म्हणजे गिळून टाकणं, सर्वांत पसरलेला. पण काही बोलींत त्याला लैंगिक अत्याचाराची छटा आहे, त्यामुळे कित्येक रोमांना तो नको असतो. 'समुदारिपेन' म्हणजे सरसकट कत्तल. मी हाच घेईन. तिसरा 'काली त्राश'. हा आपल्या कानाला लगेच ओळखीचा वाटतो आणि तिथेच गफलत होते. 'काळा त्रास' करू नका, 'काळं भय' करा. त्रास म्हणजे भीती हा संस्कृतातला अर्थ रोमानीनं जपला. आपण त्याला डासांच्या त्रासापर्यंत आणून ठेवलं.

राहिला 'सर्व्हायव्हर'. 'छळछावणीतून वाचलेले' पुरे. पण नुकसानभरपाईचा विषय निघाला की मुद्दाम 'छळपीडित' वापरा, कारण कायद्यानं नाकारलं ते नेमकं हेच. पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९५६ मध्ये ठरवलं की मार्च १९४३ पूर्वीची कारवाई वांशिक नव्हती, 'गुन्हेगारी प्रवृत्ती'विरुद्धची पोलिसी खबरदारी होती. म्हणजे १९४० मध्ये पोलंडला हाकलले गेले ते वंशद्वेषाचे पीडित ठरेनात. (१८७१ च्या कायद्यानं आपल्याकडे 'गुन्हेगार जमाती' ठरवल्या, त्या 'विमुक्तां'ना हे तर्कट नवं नाही.) १९६३ मध्ये न्यायालयानं भूमिका थोडी सैल केली. वंशसंहाराची कबुली मात्र १९८२ मध्ये, चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांच्याकडून. त्याच्या दोन वर्षं आधी सिंती कार्यकर्ते दाखाऊच्या जुन्या छळछावणीच्या जागी उपोषणाला बसले होते, त्यांत छावणीतून वाचलेलेही होते.

मेलेल्यांसाठी 'पीडित' लिहू नका. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री बिर्केनाउची रोमा छावणी रिकामी करताना सुमारे ४,३०० जणांना विषारी वायूनं मारलं. ते 'बळी'.