'एकच लॉगिन' म्हणा, अन 'प्रवेश' शब्द जरा जपून

परभणीकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या बचत गटांच्या संघाच्या तीन वेबसाईट आहेत, एक मालविक्रीची, एक प्रशिक्षणाची अन एक हिशोबाची, आता तिन्हींना मिळून सिंगल साइन-ऑन बसवायलेत, म्हणजे एकदा लॉगिन केलं की दुसऱ्या वेबसाईटवर पुन्हा करावं लागत नाही. बनवणाऱ्यानं मराठीत 'एकल साइन-ऑन' अन 'प्रवेश नियंत्रण' असं लिहून दिलंय, ते बरोबर आहे का?

'एकल' तर आधी काढा. आपल्याकडं एकल म्हटलं की एकल महिलाच डोळ्यापुढं येते, विधवा, परित्यक्ता, एकटीनं घर चालवणारी, आणि तुमच्या गटात अशा कितीतरी बाया असतील, त्यांना वाटायचं हे लॉगिन फक्त आपल्यासाठीच काढलंय. साइन-ऑनही कुणी बोलत नाही, सगळे लॉगिनच म्हणतात. म्हणून सरळ 'एकच लॉगिन'. केंद्र सरकारनं 2022 साली अशीच सोय काढली तिचं नाव 'मेरी पहचान' ठेवलं, हिंदीत ते छान बसतं, पण मराठीत नुसतं 'ओळख' घेऊ नका, कारण आपल्याकडं 'ओळखीनं काम झालं' म्हणजे वशिल्यानं झालं. 'ओळख पटवणे' हे क्रियापद मात्र एकदम नेमकं आहे, ते वापरा.

आता 'प्रवेश', खरा घोटाळा इथं आहे. इथं दोन वेगळे प्रश्न असतात, तुम्ही कोण, अन तुम्हाला काय करता येतं. 'प्रवेश' म्हटलं की दोन्ही एकात मिसळतात. तुमच्याच गटाचं बघा ना, मीटिंगला दहाच्या दहा जणी एकमेकीला ओळखतात, कोण कुठल्या घरची हे कुणी विचारत नाही, पण बँकेतून पैसे काढायचे म्हटलं की सहीचा अधिकार ठरलेल्या दोघी-तिघींनाच, बहुतेक अध्यक्ष अन सचिव. बाकीच्यांना कुणी परकं केलेलं नसतं, फक्त सही त्यांची चालत नाही. एकच लॉगिन पहिला प्रश्न एकदाच सोडवतं, म्हणजे एका मुख्य ठिकाणी पासवर्ड तपासला जातो अन बाकीच्या वेबसाईटला 'हिची ओळख पटलीय' अशी सही केलेली चिठ्ठी जाते, पासवर्ड त्यांना दिसतही नाही. त्या चिठ्ठीला टोकन म्हणतात, तो शब्द तसाच राहू द्या, बँकेच्या रांगेमुळं सगळ्यांना माहीत आहे. पण चिठ्ठी मिळाली म्हणून हिशोबाचं पान उघडलंच पाहिजे असं नाही, ते दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

पहिल्यासाठी 'प्रमाणीकरण' चालेल. पुस्तकी वाटतं खरं, पण 2019 ला जाहीर झालेल्या कर्जमाफीच्या वेळी आधार प्रमाणीकरणासाठी केंद्रावर जाऊन अंगठा लावला तेव्हापासून गावोगावी माहीत झालाय. दुसऱ्यासाठी तीन शब्द आहेत अन तिन्हींचा वास वेगळा. परवानगी मागावी लागते, कुणीतरी द्यावी लागते. मुभा म्हणजे मोकळीक, दरवेळी विचारायची गरज नाही, मुळात अरबी 'मुबाह' वरून आलेला शब्द, अन आपल्याकडं मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाचं राज्य अन उर्दूत कारभार, त्यामुळं असले शब्द परके वाटतच नाहीत. अधिकार मात्र पदासोबत येतो अन पदासोबत जातो. म्हणून 'प्रवेश नियंत्रण' च्या जागी मी 'कुणाला काय अधिकार' असंच लिहीन, सेटिंगच्या पानावर एवढं शीर्षक पुरतं.

आणखी एक, रोलचं भाषांतर 'भूमिका' केलेलं असेल तर तेही बदला. भूमिका नाटकात असते, नाहीतर पक्षाची असते. सचिव हे पद आहे. 1992 मध्ये फेरायोलो अन कून या दोन अमेरिकी संगणक संशोधकांनी पदानुसार अधिकार देण्याची पद्धत नीट मांडली, अधिकार माणसाला द्यायचा नाही, पदाला द्यायचा अन माणसाला पद द्यायचं, म्हणजे सचिव बदलली की जुन्या बाईचं एकेक कुलूप शोधत बसावं लागत नाही. ही गोष्ट 'पद' म्हटल्यावर आपोआप कळते, 'भूमिका' म्हटल्यावर समजावून सांगावी लागते.

इंग्रजीतसुद्धा इथं गोंधळ आहेच. पान उघडलं नाही की वेबसाईट कारणाचा एक नंबर देते, त्यालाच कोड म्हणतात. त्यातला 401 कोड नावानं 'अधिकार नाही' म्हणतो पण त्याचा खरा अर्थ 'तुमची ओळख पटलेली नाही', अधिकार नसल्याचा कोड 403 आहे. मराठी करणारे नाव बघून दोन्हीकडं 'आपण प्राधिकृत नाहीत' लिहून मोकळे होतात. एका गटात ते वाचून एक मावशी मला फोनवर रडवेल्या आवाजात म्हणल्या, मला गटातून काढलं का रे? काढलं नव्हतं, त्यांनी फक्त लॉगिन केलं नव्हतं. म्हणून ताई, 401 ला लिहा, 'आधी लॉगिन करा'. आणि 403 ला, 'तुमचं लॉगिन झालंय. हे पान अध्यक्ष अन सचिवांसाठी आहे, काही बघायचं असेल तर त्यांना विचारा.'