किल्ली मिळाली, आता हे ऐक

फी भरलीस, किल्ली मिळाली, छान. पण मेकरस्पेस म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायची कार्यशाळा, भाड्याची मशिनं नव्हेत. आपल्याकडे झाडूवाला नाही, झाडू आहे.

आधी लेझर कटर. ॲक्रिलिक, एमडीएफ, प्लाय खुशाल काप. पीव्हीसी आणि रेक्झिन मात्र अजिबात नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, छातीला वाईट आणि मशिनलाही. 'एवढासाच तुकडा आहे' म्हणून मी एकदा मान डोलावली होती. काही दिवसांत रेलवर गंजाचे ठिपके दिसायला लागले. बेल्ट, बेअरिंग, सगळं उघडून पुसण्यात माझेच दोन रविवार गेले. शीट कसली ते कळत नसेल तर बाहेर मोकळ्या हवेत तांब्याची तार लाल तापव, शीटला टेकव, परत ज्योतीत धर. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन असणार, ती शीट घरी ने. आणि कटिंग चालू असताना चहाला जायचं नाही. ॲक्रिलिक पेट घेतं.

लेथच्या चकची, म्हणजे काम घट्ट पकडणाऱ्या जबड्याची, चावी हातातून सोडलीस की ती तिच्या जागेवरच गेली पाहिजे, चकमध्ये राहता कामा नये.

ड्रिल बिट मोडतातच, त्याचं कुणी काही म्हणत नाही. राग येतो तो मोडलेला बिट गुपचूप डब्यात परत ठेवणाऱ्याचा. वहीत लिही: ३ मिमी, मोडला. बस्स.

पावसाळ्यात थ्रीडी प्रिंटरच्या फिलामेंटचं, म्हणजे प्लास्टिकच्या तारेचं, रीळ उघडं टाकू नकोस, सिलिका जेलसकट डब्यात. पाहुणा आणलास तर त्याची बोटं तुझी जबाबदारी.

शनिवारी सकाळी साफसफाई असते. ये, बँडसॉचं पातं बदलायला तिथेच शिकशील.