माया नाही, तरी पोटगी?

प्रश्न : आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातले. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. मी आणि धाकटा भाऊ आजीजवळ राहत असू. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, ते परतत, तेव्हा हाती उरलेले पैसे वडिलांच्या दारूत जात आणि आई आमची साधी विचारपूसही करत नसे. रेशनकार्ड दुकानदाराकडे गहाण असे. वसतिगृहाच्या अर्जावर वडिलांनी सही केली नाही, म्हणून माझे एक वर्ष बुडाले. आज मी पुण्यात परिचारिका आहे, विवाहित आहे. आई वारली. वडील दरमहा 8,000 रुपये मागतात, न दिल्यास अर्ज करीन म्हणतात. ‘गरिबीत त्यांनी तरी काय करायचे?’ असे नातेवाईक सुनावतात. मला त्यांच्याविषयी माया वाटत नाही. माझे चुकते आहे का?

उत्तर : नातेवाइकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मुकादमाची उचल, म्हणजे तोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे, फेडण्यासाठी नवराबायकोच्या ‘कोयत्या’ने (मजूर जोडीने) निम्मे वर्ष गाव सोडणे ही गरिबी होती आणि त्या ताटातुटीचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु लेकीच्या अर्जावर सही करायला पैसे लागत नव्हते. तेव्हा रागाची लाज बाळगू नका. माया मागून मिळत नसते आणि कायदाही ती मागत नाही.

कायदा मागतो ती पोटगी. स्वतःच्या उत्पन्नातून वा मालमत्तेतून गुजराण न होणारे आईवडील 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यान्वये निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात आणि तेथे दरमहा कमाल 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. विवाहित मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच ठरवले आहे. बालपणी आबाळ झाली म्हणून सूट, अशी तरतूद 2007 च्या कायद्यात नाही; मला स्वतःला हे खटकते. मात्र वडिलांनी सांगितला तोच आकडा मान्य करावा लागतो, असेही नाही. त्यांची खरी गरज किती, हे तेथे मांडता येते आणि तुमच्या एकटीविरुद्ध अर्ज झाला, तरी भावालाही त्यात पक्षकार करून घेता येते.

तोवर रोख रक्कम वडिलांच्या हाती देऊ नये, असे मला वाटते. गावातल्या किराणा दुकानदाराचे आणि औषधवाल्याचे बिल परस्पर ऑनलाइन भरा व पावत्या जपून ठेवा. अर्ज झालाच, तर त्या तुमच्या बाजूने बोलतील. नातेवाइकांना हिशेब देण्याचे बंधन तुमच्यावर नाही.