कुकरची शिट्टी आणि पुढचं शिक्षण

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना हसू आवरलं नाही. व्हीआरसाठी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून शिरायच्या आभासी जगासाठी, आवाज रचायचा नाद लागलेल्या बारावी सायन्सच्या लेकाने तुमच्या कानाला हेडफोन लावला, मागून कुकरची शिट्टी झाली, तुम्ही गॅस बंद करायला वळलात आणि मागे नुसती भिंत! आणि खाली तुमचा प्रश्न: ‘या उद्योगावर पोट भरेल का, की मुकाट इंजिनिअरिंगला घालू?’

आधी त्या शिट्टीचं बघू. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला फार तर 0.7 मिलिसेकंद उशिरा आणि जरा दबका पोचतो. डावं-उजवं मेंदू त्यावरून ओळखतो. पुढून की मागून हे कळतं ते बाहेरच्या कानाच्या वळणांमुळे. तिथे आपटून आवाजाचा पोत बदलतो. याच्या गणिताला एचआरटीएफ म्हणतात. साध्या हेडफोनमध्ये तुम्ही वळलात की शिट्टीही तुमच्याबरोबर वळते. व्हीआर हेडसेट मान किती फिरली ते सतत मोजतो आणि आवाज तेवढाच उलटा फिरवतो, म्हणून शिट्टी ओट्यापाशीच राहते. त्या जगात डोळ्यांना समोरचंच दिसतं, पाठीमागची खबर कानच देतात.

आता पोटाचं. नुसत्या ‘व्हीआर साउंड’च्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्याच, हे स्पष्ट सांगते. पण हेच कौशल्य गेम ऑडिओ, सिनेमाचं चहूबाजूंनी आवाज देणारं अ‍ॅटमॉस मिक्सिंग, हेडफोनचं सॉफ्टवेअर इथे चालतं. म्हणून इंजिनिअरिंग करू दे. ‘घालू’ मात्र नका. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घेतलं तर सिग्नल प्रोसेसिंग (आवाजावरची गणिती प्रक्रिया) आणि सी प्लस प्लस (प्रोग्रॅमिंगची भाषा) दोन्ही हाताशी येतील. पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेचा साउंडचा अभ्यासक्रम पदवीनंतरच आहे, तेव्हा ते दार उघडंच राहतं. लाखभर रुपये मागणाऱ्या तीन महिन्यांच्या क्लासपासून चार हात लांब राहा.

हेडसेटही आत्ता नको. युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) आणि स्टीम ऑडिओ (त्यात आवाजाला जागा देणारं सॉफ्टवेअर) शिकायला पैसे पडत नाहीत. सुट्टीत त्याला एवढंच करायला सांगा: तुमचंच स्वयंपाकघर, दोन मिनिटं, नळ, मिक्सर, दारावरची बेल, प्रत्येक आवाज आपापल्या जागी. नोकरी देणारे पुढे मार्कशीटच्या आधी असलं काम ऐकायला मागतात.

झालं की मलाही पाठवा. ऐकायला बसण्यापूर्वी खरा गॅस तेवढा बंद करा.