वाचकांचे प्रश्न : कंटेनरमध्ये स्टीम

प्रश्न : मुख्य लिनक्स प्रणालीत ३२-बिट लायब्ररींचा पसारा नको म्हणून स्टीम हे गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप डॉकर कंटेनरमध्ये (बाकी प्रणालीपासून वेगळ्या कप्प्यात) बसवलं. सुरू करताच यूजर नेमस्पेस (वापरकर्ते आणि अधिकार यांचा वेगळा कप्पा) हवेत असा संदेश येतो आणि ते बंद पडतं. कर्नलमध्ये ही सोय चालू आहे. कंटेनरबाहेर तेच स्टीम बिनतक्रार चालतं. मग अडतंय कुठे?

उत्तर : डॉकरपाशी. स्टीम स्वतःच कंटेनर वापरतं. प्रोटॉनवरचे (म्हणजे लिनक्सवर चालवलेले विंडोजचे) गेम 'स्टीम लिनक्स रनटाइम'मध्ये चालतात आणि हे रनटाइम बबलरॅप या छोट्या साधनाच्या मदतीने गेमसाठी वेगळा छोटा कंटेनर उभारतं. तुमच्याकडे हा दुसरा कंटेनर पहिल्याच्या पोटात उभा राहायला हवा. त्यासाठी साध्या वापरकर्त्याला यूजर नेमस्पेस तयार करता आला पाहिजे, आणि डॉकरचं नेहमीचं सेककॉम्प प्रोफाइल (कर्नलकडे काय मागता येईल यावरची चाळणी) नेमकं तेच रोखतं.

कंटेनर सुरू करताना 'सिक्युरिटी-ऑप्ट'मध्ये 'सेककॉम्प=अनकन्फाइन्ड' द्या. नेमस्पेस तयार होईल, पण बहुधा लगेच पुढची तक्रार येईल : माउंट करायला (फाइलसिस्टिम जोडायला) परवानगी नाही. याला दोन कारणं आहेत. डॉकरचं ॲपआर्मर प्रोफाइल (प्रोग्रॅमला काय करू द्यायचं याची नियमावली) माउंट नाकारतं. शिवाय डॉकर 'प्रॉक' या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीतल्या काही वाटा झाकून ठेवतो, आणि त्या झाकलेल्या असेपर्यंत कर्नल आतल्या नेमस्पेसला नवं 'प्रॉक' जोडू देत नाही. म्हणून 'ॲपआर्मर=अनकन्फाइन्ड' आणि 'सिस्टिमपाथ्स=अनकन्फाइन्ड' हेही द्यावं लागतं. डॉकरसारख्याच पॉडमनमध्ये या शेवटच्याच्या जागी 'अनमास्क=ऑल' असतं.

स्टीम सुरू करण्याआधी तपासून घ्या. कंटेनरच्या आत, साध्या वापरकर्त्याच्या नावाने, बबलरॅपला मूळ डिरेक्टरी जशीच्या तशी बांधून आणि वेगळ्या पीआयडी (प्रोसेस क्रमांकांच्या) नेमस्पेसमध्ये नवं 'प्रॉक' जोडून 'ट्रू' ही कमांड चालवायला सांगा. कमांड काहीही न छापता संपली तर नेमस्पेस आणि माउंट हे दोन्ही अडथळे दूर झाले.

उबुंटू २४.०४ वर एक जादा अडसर आहे. तिथलं ॲपआर्मर, ज्यांना प्रोफाइल नाही अशा प्रोग्रॅमना, नव्या यूजर नेमस्पेसमध्ये अधिकार वापरू देत नाही. म्हणजे वरचं 'अनकन्फाइन्ड'च अंगाशी येतं. हे बंधन सिस्‌कंट्रोलमधून (कर्नलच्या सेटिंगमधून) काढता येतं, पण मग ते साऱ्या यंत्रावरून उठतं. कंटेनरसाठी 'यूजरएनएस' आणि माउंटला मुभा देणारं छोटं प्रोफाइल लिहिणं हा त्याहून चांगला मार्ग.

'प्रिव्हिलेज्ड' लावून मोकळं व्हायचा मोह टाळा. त्याने होस्टची (मूळ यंत्राची) सगळी उपकरणं आणि सगळे अधिकार आत जातात, आणि स्टीमला त्यांची गरज नसते. मात्र वरच्या सवलती दिल्यावर आणि पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स११ चं सॉकेट आत जोडल्यावर या कंटेनरला सुरक्षेची भिंत समजू नका. एक्स११ वर एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कळा वाचू शकतो. तुम्हाला लायब्ररी वेगळ्या ठेवायच्या आहेत. तेवढं काम कंटेनर चोख करतो.

प्रश्न : एनव्हिडियाचं कार्ड आहे. कंटेनरच्या आत 'एनव्हिडिया-एसएमआय' ही माहिती देणारी कमांड कार्ड दाखवते, तरी स्टीमची खिडकी रडतखडत हलते आणि चित्र काढणारं ओपनजीएल 'एलएलव्हीएमपाइप' दाखवतं.

उत्तर : 'एलएलव्हीएमपाइप' म्हणजे चित्र ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसर काढतोय. कार्ड कंटेनरच्या आत देणारं एनव्हिडिया कंटेनर टूलकिट काही न सांगता फक्त 'यूटिलिटी' आणि 'कम्प्यूट' एवढ्याच क्षमता आत देतं. पहिलीमुळे 'एसएमआय' चालतं, पण ओपनजीएल आणि व्हल्कन 'ग्राफिक्स'मध्ये येतात, ३२-बिट लायब्ररी 'कॉम्पॅट३२'मध्ये. एनव्हिडिया ड्रायव्हर कॅपॅबिलिटीज हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'ऑल' करा. इमेजमध्ये (कंटेनरच्या साच्यात) ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवू नका : होस्टचं कर्नल मॉड्यूल आणि आतल्या लायब्ररी यांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते, आणि होस्टच्या पुढच्याच अपडेटला ती फिसकटते.

एएमडी आणि इंटेलचं गणित उलटं. तिथे 'डेव्ह' या उपकरणांच्या डिरेक्टरीखालचं 'डीआरआय' आत द्यायचं आणि मेसा (त्यांच्या ग्राफिक्स लायब्ररी) इमेजमध्येच ठेवायचं, ६४ आणि ३२ दोन्ही बिटांचं. डेबियनच्या इमेजमध्ये त्याआधी 'आय३८६' आर्किटेक्चर जोडावं लागतं. आपला वापरकर्ता 'रेंडर' गटात घालताना नाव न देता होस्टवरचा गट क्रमांक द्या. नाव तेच असलं तरी आतला क्रमांक निराळा असू शकतो, आणि कर्नल क्रमांकच पाहतो.

प्रश्न : गेमपॅड आधी जोडून कंटेनर सुरू केला तर चालतो. मधे केबल निघाली की पुन्हा सापडत नाही.

उत्तर : 'डिव्हाइस' पर्यायाने दिलेली उपकरणं कंटेनर सुरू होतानाच ठरतात. पुन्हा जोडलेल्या गेमपॅडला नवी नोंद मिळते आणि ती आत पोहोचत नाही. 'डेव्ह' खालचं 'इनपुट' बाइंड माउंट करा (होस्टवरचं तसंच आत जोडा) आणि 'डिव्हाइस-सीग्रुप-रूल'मध्ये मेजर क्रमांक १३ ला (इनपुट उपकरणांना) परवानगी द्या. एवढ्याने फाइल दिसते, पण गेमपॅड आला ही वर्दी मिळत नाही. ती यूडेव्ह (उपकरणांची दखल घेणारी सेवा) नेटलिंक या कर्नलच्या संदेशवाहिनीवरून देतं आणि ती नेटवर्क नेमस्पेसपुरतीच असते. म्हणून होस्टचं नेटवर्क वापरा आणि 'रन' खालचं 'यूडेव्ह' फक्त वाचण्यापुरतं आत जोडा. स्टीम इनपुटसाठी (स्टीमच्या गेमपॅड सोयीसाठी) 'डेव्ह' खालचं 'यूइनपुट'ही लागतं.

प्रश्न : स्टोअरचं पान कोरं दिसतं, कधी अख्खी खिडकीच काळी.

उत्तर : डॉकर शेअर्ड मेमरीला फक्त ६४ एमबी देतो. स्टीमची पानं क्रोमियमवर चालतात, त्याला ती पुरत नाही. 'एसएचएम-साइझ' १ जीबी करा. नोंदीत एक्स११ ची 'बॅडॲक्सेस' चूक दिसत असेल तर त्याऐवजी 'आयपीसी=होस्ट' द्या; त्याने दोन्ही प्रश्न सुटतात.

प्रश्न : गेम कुठे ठेवावेत? विंडोजशी सामाईक असलेली एनटीएफएस डिस्क चालेल?

उत्तर : कंटेनरच्या लिहित्या थरात ठेवू नका, कंटेनर काढला की शेकडो जीबी पुन्हा उतरवावे लागतील. वापरकर्त्याचं अख्खं होम व्हॉल्यूममध्ये (कंटेनर काढला तरी टिकणाऱ्या जागेत) ठेवा आणि त्याचा वापरकर्ता क्रमांक होस्टवरच्या तुमच्या क्रमांकाइतकाच घ्या. रूट म्हणून स्टीम चालतच नाही.

एनटीएफएस टाळा. प्रोटॉन प्रत्येक गेमच्या 'कॉम्पॅटडेटा' डिरेक्टरीत 'सी:' नावाची सिम्बॉलिक लिंक करतो. अपूर्णविराम विंडोजला फाइलच्या नावात चालत नाही, त्यामुळे ती लिंक बनत नाही किंवा विंडोजची डिस्क-तपासणी ती उडवते आणि गेम सुरूच होत नाही. एनटीएफएसशिवाय इलाज नसेल तर निदान 'कॉम्पॅटडेटा' एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर ठेवून तिथून लिंक द्या.