वाचकांचे प्रश्न : जुनी एसयूव्ही ठेवावी की विकावी?

प्रश्न : आमच्याकडे २०१२ ची स्कॉर्पिओ आहे. २.२ एमहॉक डिझेल, २,३८,००० किलोमीटर झालेत. घर राजापूर तालुक्यात, खाडीपासून किलोमीटरभर. वर्षाला साधारण १४,००० किलोमीटर होतात, त्यातले निम्मे अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जाण्या-येण्यात. अलीकडे पिकअप कमी झालाय आणि चढाला काळा धूर येतो. गॅरेजने १,१५,००० चा अंदाज दिलाय : टर्बो ३८,०००, क्लच २२,०००, शॉकअप आणि बुश ३०,०००, एसीचा कंडेन्सर व गॅस २५,०००. दलाल २,६०,००० द्यायला तयार आहे. मुंबईचा मुलगा म्हणतो, विका आणि १४ लाखांची नवी घ्या, डिझेलवर तशीही बंदी येणार. ऑगस्ट २०२७ मध्ये गाडीला १५ वर्षं होतील. काय करावं? (राजापूर)

उत्तर : दलालाला आणि गॅरेजला, दोघांनाही आठ दिवस थांबवा. आधी गाडी रॅम्पवर घ्या आणि चेसिस बघा. तुमच्या पत्रात टर्बो आहे, क्लच आहे, एसी आहे, पण चेसिसबद्दल एक ओळ नाही. खाडीकाठच्या गाडीचं आयुष्य मीटरवरचा आकडा ठरवत नाही, गंज ठरवतो. इंजिन खोलून पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चेसिस सडली असेल तर मात्र वर घातलेला प्रत्येक रुपया बुडाला म्हणून समजा.

स्कॉर्पिओ, बोलेरो, जुनी सफारी, फॉर्च्युनर या गाड्यांची बॉडी शिडीसारख्या वेगळ्या चेसिसवर बसवलेली असते. त्या शिडीचे लांब बीम पोकळ असतात. चाकांनी उडवलेला जांभ्याचा चिखल बीमच्या भोकांतून आत शिरतो, पाणी निथळायची भोकं बुजवतो आणि खाऱ्या हवेतली ओल महिनोन् महिने धरून ठेवतो. त्यामुळे गंज आतून लागतो. बाहेरून काळा रंग तुकतुकीत आणि आत पत्रा पापडासारखा, अशा गाड्या किनाऱ्यावर कमी नाहीत.

तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी खालून प्रेशरने धुऊन वाळवा. लहान हातोडी आणि जाड स्क्रूड्रायव्हर पुरेसे आहेत. मागच्या चाकांवरून चेसिस जिथे कमानीसारखी वर जाते तो भाग, मागच्या लिंक-आर्मचे ब्रॅकेट, स्प्रिंगच्या बैठका, बॉडी माउंटिंगच्या रबरांखालचे पत्रे, सर्वात मागचा आडवा बीम आणि पुढच्या सस्पेन्शन-आर्मच्या बैठका, इतक्या जागी वीतभर अंतराने ठोकत जा. शाबूत लोखंड टण्ण वाजतं. सडलेलं बद्द वाजतं, आणि ठोका पडला की बीमच्या आत पोपडे गळल्याची खरखर ऐकू येते. अशा जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबा. पत्रा दबला किंवा टोक आरपार गेलं, तर ती जागा खडूने गोल करून फोटो काढा.

मागच्या आडव्या बीमला किंवा एखाद्या बॉडी माउंटिंगला भोक असेल, तर सडलेला पत्रा पूर्ण कापून नवा बसवता येतो. मुख्य लांब बीम लिंक-आर्मजवळ किंवा पुढच्या सस्पेन्शनपाशी आरपार गेला असेल, तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. गंजक्या पत्र्यावर टाका धरत नाही, उष्णतेने आतला रंग जळतो आणि दोन पावसांत ठिगळाच्या कडेला नवं भोक पडतं. ही गाडी मग भरून घाटात नेण्याजोगी राहत नाही. ती विकायची, आणि घेणाऱ्याला ते फोटो दाखवूनच विकायची.

त्याच वेळी मागच्या एक्सलवरची लोखंडी ब्रेक पाइप क्लिप काढून बघा. गंज बहुधा क्लिपखालीच धरतो. पाइप फुगलेली, खवल्याखवल्यांची दिसली तर तेवढा तुकडा न जोडता पूर्ण लाइन बदला. अणुस्कुऱ्याच्या उतारावर फुटते ती हीच पाइप.

चेसिस शाबूत निघाली तर इंजिनाकडे या. गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण उघडा आणि तोंडावर उलटं ठेवा. झाकण जागच्या जागी थरथरलं तर चिंता नाही. उडून पडलं किंवा तोंडातून भकाभक वाफा आल्या तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असण्याची शक्यता आहे, मग कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरातला दाब मोजणं) करून घ्या. मोजमाप कमी येणं वाईटच, पण चार सिलिंडरांपैकी एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर ते जास्त वाईट. ऑइल आणि कूलंट यांच्या पातळीवर खूण करून १,००० किलोमीटर चालवा. लिटरभर ऑइल संपलं किंवा गळती दिसत नसताना कूलंट उतरत गेलं, तर इंजिन उघडण्याचा खर्च धरूनच हिशेब करावा लागेल.

टर्बोच्या ३८,००० ला इतक्यात हो म्हणू नका. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. टर्बो जाण्याआधी हवा कमी पडायची स्वस्त कारणं चार आहेत : तुंबलेला एअर फिल्टर, इंटरकूलरची (तो टर्बोतून आलेली हवा थंड करतो) चिरलेली नळी, टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी सैल किंवा फुटकी नळी, आणि काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप). इंटरकूलरच्या नळीची चीर बऱ्याचदा क्लॅम्पपाशी खालच्या बाजूला असते, वरून दिसतच नाही. मेकॅनिकला ती नळी काढून हातात वाकवून बघायला सांगा. हे सगळं ठीक असेल तर थंड इंजिनावर टर्बोची इनलेट नळी काढून शाफ्ट बोटाने हलवा. आडवा किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर हलला किंवा पात्यांच्या कडा घासलेल्या दिसल्या, तरच टर्बो. क्लच, शॉकअप, बुश हे झिजणारे भाग आहेत. घाटात चालणाऱ्या गाडीला ते लागणारच, त्यांना म्हातारपणाच्या खात्यात टाकू नका.

आता पैसे. दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली की विकावी, असं सर्रास सांगतात. आम्हाला ते पटत नाही, कारण जुन्या गाडीची किंमत तुम्ही काहीही केलं तरी उतरणार आहे. तुलना वर्षाच्या खर्चाची करा. विम्याच्या घसारा तक्त्यात नव्या गाडीची किंमत ५ वर्षांत निम्म्यावर येते. म्हणजे १४ लाखांवर ७ लाख, वर्षाला १,४०,०००. त्यात १० लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता २१,००० च्या आसपास आणि एकूण व्याज २,६०,०००, म्हणजे वर्षाला आणखी ५२,०००. विमा आणि रोड टॅक्स वेगळाच. जुन्या गाडीचे आजचे २,६०,००० आणि दुरुस्तीचे १,१५,००० मिळून ३,७५,००० झाले. ४ वर्षांनी तिची किंमत शून्य झाली असं धरलं तरी वर्षाला ९४,००० पडतात. वर किरकोळ कामांना ४०,००० ठेवा. तरीही नवी गाडी वर्षाला ५८,००० नी महाग पडते.

मुलाची शंका मात्र दूर करा. डिझेल गाड्यांचा १० वर्षांचा नियम दिल्ली आणि भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता आहे, महाराष्ट्राला नाही. इथे १५ वर्षं झाली की फॉर्म २५ भरून आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा आणि ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यायची. एप्रिल २०२२ पासून याची फी ५,००० आहे. उशीर झाला तर महिन्याला ५०० दंड. अर्ज मुदतीआधी ६० दिवसांपासून करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी जून २०२७.

तेव्हा आमचं मत असं : चेसिस शाबूत आणि झाकण उडत नसेल, तर क्लच, ब्रेक पाइप आणि बुश आत्ता करा, टर्बो तपासणीनंतर ठरवा, एसी मार्च-एप्रिलपर्यंत थांबू शकतो, आणि गाडी ठेवा. चेसिस गेली असेल तर एक रुपयाही न घालता विका. नव्या क्लचचे पैसे घेणारा तुम्हाला देत नाही.

प्रश्न : दापोलीजवळ आमचं होमस्टे आहे. पाहुण्यांच्या आग्रहाने २०१० ची सात-सीटर पुळणीवर नेली, तिथे रुतली आणि भरतीचं पाणी हबच्या वर आलं. ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढली, चालू आहे. आता विकून टाकावी का? (दापोली)

उत्तर : घाबरून विकू नका, पण आज-उद्यात कामाला लागा. चाललेल्या गाडीचा एक्सल गरम असतो. तो थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (एक्सलची हवा जायची-यायची वाट), सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मागच्या डिफरन्शियलचा (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) खालचा नट उघडा. ऑइल चहाच्या रंगाचं, दुधाळ आलं तर पाणी गेलंय. ते सोडून नवं भरा, ३००-४०० किलोमीटर चालवून पुन्हा बदला. फोर बाय फोर असेल तर पुढचं डिफरन्शियल आणि पुढच्या चाकांना ताकद देणारी ट्रान्सफर केसही बघा. चारही चाकं काढून मागचे ड्रम उघडा, वाळू झाडा, गोड्या पाण्याने धुवा. हँडब्रेकची वायर आणि हब-बेअरिंग तपासा. बेअरिंग लगेच आवाज करत नाही, महिना-दोन महिन्यांनी घरघरायला लागतं.

चेसिसच्या भोकांतून नळी आत घालून गोडं पाणी सोडा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. स्टार्टर आणि अर्थिंगची पट्टीही सोडवून घासून घ्या. गॅरेजवाला लगेच अँटिरस्ट कोटिंग मारायला सांगेल. ओल्या, खाऱ्या चेसिसवर कोटिंग मारणं म्हणजे मीठ आत बंद करून ठेवणं. आधी चेसिस कडक उन्हात आठवडाभर वाळवा. हे काम एप्रिल-मेचं आहे, जूनमध्ये नकोच. पुढच्या वर्षी याच दिवसांत हातोडीची तपासणी करा, मग विकायची की नाही ते ठरवा. विकताना पाण्यात गेल्याचं सांगा आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या दाखवा.

प्रश्न : जुनी बोलेरो देऊन बीएस-६ डिझेल एसयूव्ही घ्यायचा विचार आहे. वापर म्हणजे रोज बाजार, बँक, शाळा. ५-६ किलोमीटरच्या फेऱ्या, मुंबई वर्षातून दोनदा. (श्रीवर्धन)

उत्तर : या वापराला नवं डिझेल नको. बीएस-६ या प्रदूषण-नियमाच्या, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. काजळी जळून जायला गाडी साधारण २०-२५ मिनिटं सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. बाजारापर्यंत जाऊन थांबणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही, फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पिकअप पडतो. शिवाय जळण्याची क्रिया अर्ध्यात तुटली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. बोलेरोची चेसिस चांगली असेल तर तीच चालवा. बदलायचीच असेल तर पेट्रोल घ्या.

प्रश्न : गोव्याच्या एकाला एसयूव्ही विकतोय. तो म्हणतो, पैसे रोख घ्या, ट्रान्सफर नंतर सावकाश करतो. चालेल का? (कुडाळ)

उत्तर : नाही. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याने उद्या अपघात केला तर भरपाईची नोटीस कुडाळला येईल. गाडी राज्याबाहेर जाणार म्हणून सिंधुदुर्ग आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र काढा. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आधी आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवा. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय चावी देऊ नका. राज्याबाहेरच्या विक्रीची खबर ४५ दिवसांत आरटीओला द्यावी लागते, ती ४५ व्या दिवसाची वाट न बघता त्याच आठवड्यात द्या. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या, तिच्यावाचून आरटीओतलं काम अडतं.

ताबा देताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून त्याची सही घ्या, लायसन्सचा फोटो ठेवा. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो आणि ३ वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीला लावता येतो. ५ वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विमा हप्त्यावर तो ५० टक्के आहे. आणि एमपरिवहन ॲपवर दर आठवड्याला गाडीचा नंबर टाकून बघत राहा, मालकाच्या रकान्यातलं नाव बदलेपर्यंत.